होल्ड

सोहारच्या विद्यापीठात, नोंदणी विभागात,
चार नंबरच्या काचेमागे मी बसते.
ऑगस्टात ही काच आतून गार, बाहेरून कढत.
बोलणाऱ्याला मधल्या भोकाशी वाकावं लागतं,
म्हणून सगळेच अदबीनं बोलल्यासारखे दिसतात.

गुरुवारी, बंद व्हायला वीस मिनिटं असताना
इस्माईल परकार आले. बंदरावर क्रेन चालवतात.
हातात मुलीच्या नावाचं पत्र, चार घड्या घातलेलं,
घड्यांवरची अक्षरं घामानं फुटलेली.
माझ्या पाटीवर नजर गेली तसे म्हणाले,
"केळुसकर? वेंगुर्ल्याकडची काय?
मग बाय, हे जरा आपल्या भाषेत फोडून सांग."

नऊ वर्षं हे शब्द मी शिक्क्यासारखे मारतेय,
एकदाही उलटून पाहिले नव्हते.

"रुमानाच्या खात्यावर होल्ड आहे," मी म्हटलं.
हसले. "होल्ड मला नको शिकवू.
जहाजाचं पोट ते. माल आत उतरतो
आणि बंदर येईपर्यंत काळोखात थांबतो."
म्हणणार होते, तसं नाही चाचा,
फी थकली की नोंदणी अडते, तो होल्ड.
मग म्हटलंच नाही.

"आणि क्रेडिट? ही उधारी कोणी केली?"
उधारी नव्हे, कमाई.
आठवड्याला तीन तास, सत्रभर, वर्गात बसायचं,
शेवटी पास झालं तर तीन क्रेडिट.
"मग उधारीला काय म्हणता?"
उधारीला म्हणतो इनकम्प्लीट.
पेपर राहिला, सरांनी मुदत दिली,
ग्रेडच्या जागी नुसता एक उभा दांडा.
प्रीरिक्विझिट त्यांना पटकन कळलं:
"भरती आल्याशिवाय होडी नाही. पुढे."

पुढे प्रोबेशन होतं.
त्यावर त्यांनी बोट ठेवलं, आणि उचललं.
हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता.
इथे आल्यावरचे पहिले तीन महिने,
दुसऱ्याची गादी, दुसऱ्याची पाळी,
आणि फोरमनच्या हातातली वही.
"पण तिला कशाला? ती काय नोकरीला लागली?"
सरासरी दोनच्या खाली गेली, चाचा.
"शंभरातले दोन?"
चारातले.
"मग अर्धे तर आहेत," ते म्हणाले,
आणि माझ्याकडे असे बघत राहिले
की जणू तो आकडा मी ठरवते.

"वर्ग तर चुकवत नाही ती. रोज मीच सोडतो गेटवर."

हजेरी माझ्या स्क्रीनवर उघडी होती.
सोमवार, बुधवार, लाल, लाल, लाल.
विद्यार्थिनीच्या सहीवाचून ती पालकांना दाखवायची नाही,
असा नियम आहे, त्यालाही एक लांबलचक नाव आहे,
तेवढं एक मी फोडून सांगितलं नाही.
म्हटलं, रुमानालाच पाठवा. तिच्या ॲडव्हायझरला भेटू दे.
"ॲडव्हायझर मंजे वकील?"
नाही. मंजे, ऐकणारी कोणीतरी.

शिपाई दिवे मालवायला लागला.
परकार माझ्या मागची नोटीस वाचत होते.
"हे ऑडिट इथेपण? आमच्याकडे ऑडिट आलं
की गंजावर रंग मारतात."
इथलं वेगळं. वर्गात बसायचं, ऐकायचं.
परीक्षा नाही, ग्रेड नाही, क्रेडिटही नाही.
"कोणीपण?"
कोणीपण. फी अर्धी.
त्यांनी पेरांवर हिशोब केला, आधी रियालमध्ये,
मग, आपण सगळे करतो तसा, रुपयांत.
"आता नको," म्हणाले. "पण कागद दे."

फॉर्मची घडी खिशात गेटपासच्या मागे सरकवली,
खिशावर दोनदा थोपटलं, आणि निघाले.

मुलीचं पत्र मात्र काचेखालच्या फटीतच राहिलं.
मी हाक मारली, पण काचेच्या आतून.
ड्रॉवरमध्ये ठेवलंय, कुलूप लावून.
रविवारी येतील.